दिसणे आणि न दिसणे : पक्षिदृष्टीच्या अभ्यासाची प्रस्तावना

दाणे टिपत चालणारे कबूतर सगळ्यांनीच पाहिलेले असते. पाऊल पडते तशी त्याची मान पुढेमागे हलताना दिसते, आणि ती त्याची सवय आहे असे समजून आपण पुढे जातो. नीट निरखले तर मान मागे जातच नाही. डोके झटक्यात पुढे जाते आणि धड त्याला गाठेपर्यंत हवेत एका जागी खिळून राहते. धड पुढे सरकत असल्यामुळे आपल्याला डोके मागे आल्याचा भास होतो. असे का होते, हे १९७८ साली कॅनडातील शास्त्रज्ञ बॅरी फ्रॉस्ट यांच्या प्रयोगातून उलगडले. त्यांनी कबुतरांना फिरत्या पट्ट्यावर चालवले. पक्षी चालत होता, पण पट्टा मागे सरकत असल्याने तो होता तिथेच राहत होता आणि भोवतालचे दृश्य जागचे हलत नव्हते. अशा वेळी कबुतराची मान हलायची थांबली. त्या हालचालीचे मूळ पायांत नव्हते, डोळ्यांत होते. डोके स्थिर असते तेवढा वेळ दृष्टिपटलावरचे चित्रही स्थिर राहते, आणि तेवढ्यात कबूतर दाणा आणि खडा वेगळे ओळखून घेते.

पक्ष्यांची दृष्टी आणि त्यांचे वर्तन यांचा एकत्र विचार करणारे जे अभ्यासक्षेत्र आहे, त्याची रीत या एका प्रयोगात दिसते. आधी वर्तन बारकाईने पाहायचे, मग त्या क्षणी पक्ष्याच्या डोळ्यापर्यंत काय पोहोचत होते हे विचारायचे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मोजून मिळवायचे. या क्षेत्राला आज सेन्सरी इकॉलॉजी या व्यापक शाखेत जागा आहे. नेत्रविज्ञान, प्रकाशाचे भौतिकशास्त्र, मेंदूविज्ञान आणि रानावनातले निरीक्षण अशा चार वाटा इथे येऊन मिळतात. त्यामुळे नवख्या माणसाला थोडे बुजल्यासारखे होते. ती भीड मोडावी, आणि दुर्बीण गळ्यात अडकवून पाणथळीवर जाणाऱ्या कुणालाही हा विषय आपला वाटावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

वाचकाच्या हाती सुरुवातीलाच एक सूत्र द्यावेसे वाटते. कोणताही डोळा सगळे पाहू शकत नाही. बारीक तपशील हवा असेल तर अंधारातली नजर कमी होते. चहूकडचे दिसायला हवे असेल तर समोरचे कमी दिसते. एका रंगाची जाण वाढवायची तर प्रकाशाचा काही भाग सोडून द्यावा लागतो. प्रत्येक जातीने आपल्या जगण्यासाठी यातली वेगवेगळी तडजोड स्वीकारली आहे, आणि ती तडजोड तिच्या वागण्यात उमटते. म्हणून पक्ष्याला काय दिसते याइतकेच त्याला काय दिसत नाही हेही विचारले पाहिजे. माझ्या मते या क्षेत्राने गेल्या काही दशकांत दिलेली सर्वांत मोलाची शिकवण हीच आहे, आणि पक्षिसंरक्षणाच्या दृष्टीने तर ती निकडीची आहे.

प्रथम डोळ्याची रचना पाहू. पक्ष्यांचे डोळे शरीराच्या मानाने फार मोठे असतात. बाहेरून बुबुळापुरताच भाग दिसतो, म्हणून ते लक्षात येत नाही. शहामृगाच्या डोळ्याचा व्यास सुमारे ५० मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या डोळ्याच्या दुप्पट असतो. जमिनीवरच्या पृष्ठवंशी प्राण्यांत एवढा मोठा डोळा दुसऱ्या कुणाचा नाही. इतका मोठा डोळा कवटीत बसवला की त्याला फिरायला फारशी जागा उरत नाही. शिवाय पक्ष्यांच्या डोळ्याभोवती लहान हाडांचे कडे असते. आपण नजर फिरवतो तिथे पक्ष्याला बहुधा डोके फिरवावे लागते. घुबडाचे डोळे तर नळीसारखे लांबट आणि खोबणीत जवळजवळ घट्ट असतात. त्याची भरपाई मान करते. माणसाच्या मानेत ७ मणके असतात, घुबडाच्या मानेत १४, आणि ते डोके २७० अंशांपर्यंत वळवू शकते. पक्ष्यांच्या दृष्टिपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे प्रकाशाच्या वाटेत त्यांची सावली पडत नाही. दृष्टिपटलाला पोषण पुरवण्याचे काम डोळ्याच्या आत असलेला, कंगव्यासारख्या घड्यांचा एक रक्तवाहिन्यांनी भरलेला अवयव करतो. पक्ष्याची मान, तिच्या लकबी, तिचे तिरपे होणे हे सगळे या रचनेशी जोडलेले आहे. अंगणातली कोंबडी घारीची चाहूल लागताच डोके तिरपे करून एकाच डोळ्याने आकाशाकडे बघते, ते याचमुळे. लांबचे पाहायला ती बाजूची नजर वापरते आणि जवळचे टिपायला समोरची, हे ऑक्सफर्डच्या मॅरिअन स्टॅम्प डॉकिन्स यांनी कोंबड्यांच्या हालचाली टिपून दाखवून दिले आहे.

या अभ्यासाला जुनी परंपरा आहे. १८६६ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स शुल्त्से यांनी दिवसा वावरणाऱ्या आणि रात्री वावरणाऱ्या प्राण्यांची दृष्टिपटले ताडून पाहिली. दिनचर पक्ष्यांत शंकू पेशी भरपूर आणि घुबडांत दंड पेशी भरपूर, हे त्यांना दिसले, आणि शंकू पेशी उजेडाच्या व रंगाच्या, दंड पेशी अंधाराच्या, हा आज शाळेत शिकवला जाणारा सिद्धांत त्यातून उभा राहिला. माणसाची दृष्टी समजून घ्यायला पक्ष्यांची अशी मदत झाली. १९१७ साली नेत्रतज्ज्ञ केसी वुड यांनी जिवंत पक्ष्यांच्या डोळ्यांत डोकावून दृष्टिपटलांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि १९४२ साली गॉर्डन वॉल्स यांनी पृष्ठवंशी प्राण्यांच्या डोळ्यांवर ग्रंथ लिहून डोळ्याची घडण जीवनक्रमाशी जोडली. तरीही या काळापर्यंत बहुतेक अभ्यासकांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती. पक्ष्यांना आपल्यासारखेच रंग दिसतात, फक्त जास्त स्पष्ट, असे ते मानत होते.

हे गृहीतक १९७० नंतर ढासळले. १९७२ साली हमिंगबर्ड आणि कबूतर या दोघांनाही अतिनील प्रकाश दिसतो याचे पुरावे आले. माणसाच्या दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकू पेशी असतात. बहुतेक दिनचर पक्ष्यांत रंगासाठी चार प्रकारच्या असतात. शिवाय जोड-शंकू नावाच्या वेगळ्या पेशी असतात, ज्या मुख्यतः हालचाल आणि उजेड-सावली टिपतात असे मानले जाते. चौथ्या प्रकाराची पेशी जांभळ्याच्या पलीकडे झुकलेली असते. पोपट, कुरव आणि बहुतेक गाणारे लहान पक्षी यांच्यात ती थेट अतिनील प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. शिकारी पक्षी, कबुतरे, बदके आणि कोंबड्या यांच्यात ती जांभळ्या टोकाला असते. यात भर म्हणून प्रत्येक शंकू पेशीत तेलाचा एक थेंब असतो, आणि बहुतेक पेशींत तो लाल, पिवळा असा रंगीत असतो. प्रकाश या थेंबातून गाळून पेशीपर्यंत जातो. त्यामुळे शेजारशेजारचे रंग वेगळे ओळखता येतात, पण थोडा प्रकाश गाळण्यातच जातो. पक्ष्यांची रंगदृष्टी संध्याकाळी लवकर मावळते, त्यामागचे एक कारण हे आहे. तडजोडीचे सूत्र इथे पहिल्यांदा भेटते.

चौथा रंग म्हणजे आपल्या रंगांच्या यादीत आणखी एका नावाची भर, एवढाच अर्थ घेतला तर या शोधाचे मोल कळणार नाही. आपल्याला जांभळट गुलाबी दिसतो तो लाल आणि निळ्या पेशी एकाच वेळी चेतवल्यामुळे. इंद्रधनुष्यात तो रंग नाही. चार पेशी असल्या की असे मिश्र रंग कितीतरी वाढतात. प्रिन्स्टनच्या मेरी कॅसवेल स्टॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोतल्या कुरणावर रानटी हमिंगबर्डना साखरपाणी आणि साधे पाणी अशा दोन नळ्या दिल्या व प्रत्येकीजवळ वेगळ्या रंगाचा दिवा ठेवला. एकीकडे हिरवा आणि दुसरीकडे अतिनील मिसळलेला हिरवा, असे दिवे शेजारी ठेवल्यावर संशोधकांना स्वतःला दोन्ही सारखेच दिसत होते. पक्षी मात्र साखरपाण्याचा दिवा बरोबर ओळखून त्याच्याकडे जात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या कामाने पक्षी असे रंग रोजच्या व्यवहारात वापरतात हे दाखवले.

मग वर्तनाचे अनेक जुने प्रश्न नव्याने विचारावे लागले. युरोपातल्या ब्लू टिट या पक्ष्याचे नर-मादी आपल्याला जवळजवळ सारखे दिसतात. १९९८ साली त्यांच्या डोक्यावरची पिसे अतिनील प्रकाशात मोजली, तेव्हा नराची टोपी कितीतरी तेजस्वी निघाली. २००५ साली म्युर ईटन यांनी नर-मादी सारखे मानल्या गेलेल्या १३९ जातींची पिसे पक्ष्यांच्या दृष्टीच्या गणिताने तपासली. त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक जातींत नर आणि मादी यांच्यातला फरक पक्ष्यांना कळण्याजोगा आहे असे दिसले. पिढ्यान्‌पिढ्या पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत ‘नर व मादी सारखे’ हे वाक्य छापले गेले. ते आपल्या डोळ्यांपुरते खरे होते.

अंड्यांची गोष्टही अशीच. झांबियात वटवट्याची एक जात राहते, आणि तिच्या घरट्यात दुसरा एक पक्षी आपली अंडी घालतो. या वटवट्यांच्या प्रत्येक मादीच्या अंड्यांचा रंग आणि ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, जणू तिची सही. क्लेअर स्पॉटिसवुड आणि मार्टिन स्टीव्हन्स यांनी २०१० साली पक्ष्याच्या दृष्टीचे गणित वापरून दाखवले की मादी रंग, नक्षीचा आकार आणि ठिपक्यांची पसरण असे अनेक तपशील ताडून परके अंडे बाहेर टाकते. आपल्याकडच्या वटवट्यांच्या घरट्यांतही कोकीळकुळातले पक्षी अंडी घालतात, म्हणून हा प्रश्न महाराष्ट्राच्या गवताळ माळांवरही तितकाच जिवंत आहे. आणि फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर लाल होतात, तेव्हा त्या फुलांवर साळुंक्या, कोतवाल, शिंजीर यांची जी झुंबड उडते, तीही दृष्टीशी जोडलेली आहे. मधमाशीच्या डोळ्याला लाल रंगाची जाण फारच कमी; पक्ष्याच्या डोळ्याला ती उत्तम. लाल फूल पक्ष्याला लांबून खुणावते आणि मधमाशीच्या नजरेत फारसे भरत नाही.

इथे नव्या अभ्यासकाला एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. १९९५ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी ‘नेचर’ मासिकात लिहिले की खरुची हा ससाणा कुरणातल्या उंदरांच्या मूत्राच्या खुणा अतिनील प्रकाशात पाहून शिकारीची जागा निवडतो. कल्पना इतकी सुंदर होती की ती पाठ्यपुस्तकांत आणि माहितीपटांत सर्वत्र पोहोचली. २०१३ साली स्वीडनमधल्या ओले लिंड आणि सहकाऱ्यांनी दोन साध्या गोष्टी मोजल्या. त्या मूत्रातून परावर्तित होणारा अतिनील प्रकाश भोवतालापेक्षा फारसा वेगळा नव्हता, आणि शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यातले पारदर्शक भाग अतिनील प्रकाश बऱ्याच प्रमाणात अडवतात. पक्ष्याला काहीतरी दिसू शकते आणि ते तो वापरतो, या दोन विधानांत मोठे अंतर आहे. ते ओलांडायला भिंगाचे मोजमाप, खुणेचे मोजमाप आणि वर्तनाचा प्रयोग अशा तिन्ही गोष्टी लागतात. या क्षेत्रात शिस्त कशाला म्हणतात ते या घटनेतून शिकावे.

रंगाने डोळे दिपतात म्हणून लोक दृष्टिक्षेत्राकडे कमी वळतात, पण मला स्वतःला या विषयाचा गाभा तिथे वाटतो. पक्ष्याला कोणत्या दिशांनी दिसते आणि कोणत्या दिशा त्याच्यासाठी कोऱ्या असतात? बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या ग्रॅहॅम मार्टिन यांनी आयुष्यभर हे मोजण्याचे काम केले. त्यातून निघालेले एक निरीक्षण आपल्या पाणथळींवर कुणालाही पडताळून पाहता येईल. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला थापट्या आणि तरंग ही दोन्ही बदके येतात. थापट्या आपली रुंद चोच पाण्यात चालवून गाळून खातो. त्याला अन्न पाहावे लागत नाही, स्पर्शाने कळते. त्याचे डोळे डोक्यावर उंच आणि बाजूला आहेत, आणि त्याला मान न वळवता मागचे आणि वरचेही दिसते. तरंग गवताची पाती निवडून खुडतो, म्हणून त्याला चोचीचे टोक दिसावे लागते. त्यासाठी डोळे किंचित पुढे आले आणि डोक्यामागे एक आंधळा पट्टा तयार झाला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की तरंग चरताना पुन्हापुन्हा मान वर करून पहारा करतो, थापट्याला तेवढे करावे लागत नाही. खाण्याची पद्धत, डोळ्यांची जागा आणि सावधपणात जाणारा वेळ अशी ही साखळी आहे. मान वर काढण्याची वारंवारता मोजायला एक घड्याळ आणि वही पुरते.

दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा समोरचा पट्टा माणसात सुमारे १२० अंशांचा असतो. बहुतेक पक्ष्यांत तो २० ते ३० अंशच असतो, आणि त्याचा मुख्य उपयोग चोच किंवा नख्या नेमक्या जागी, नेमक्या क्षणी पोहोचवण्यासाठी होतो असे मार्टिन यांचे म्हणणे आहे. अपवाद पाहिला की नियम जास्त पटतो. न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे काडीने भोकातून अळ्या काढतात, आणि २०१२ साली त्यांचा हा पट्टा मोजला तेव्हा तो ६० अंशांहून अधिक भरला. त्यांची चोचही सरळ आहे, त्यामुळे तिच्यात धरलेली काडी नजरेच्या रेषेत येते. हत्यार वापरण्याच्या हुशारीला डोळ्यांच्या जागेची अशी साथ आहे.

तीक्ष्णतेबद्दल फार दंतकथा आहेत. गरुडाची नजर माणसाच्या आठपट, असे सर्रास म्हटले जाते. ऑस्ट्रेलियातल्या वेज-टेल्ड गरुडावर लिझ रेमंड यांनी १९८५ साली मोजमाप केले, तेव्हा त्याची तीक्ष्णता माणसाच्या दुपटीहून थोडी अधिक निघाली. उजेड कमी झाला की ती झपाट्याने घसरते. तरीही प्राणिजगतात ही मोजली गेलेली सर्वोच्च नजर आहे. शिकारी पक्ष्यांच्या प्रत्येक डोळ्यात तीक्ष्ण दृष्टीच्या दोन खळग्या असतात. त्यांतली खोल खळगी चोचीच्या दिशेपासून सुमारे ४५ अंश बाजूला पाहते. म्हणजे बहिरी ससाण्याला लांबची शिकार सर्वांत स्पष्ट दिसते ती तो तिच्याकडे सरळ तोंड करून नसताना. वेगात डोके वळवले तर हवेचा अडसर वाढतो. यावर तोड म्हणून तो डोके सरळ ठेवून वळणाच्या मार्गाने झेप घेतो, असे व्हॅन्स टकर यांनी २००० साली मांडले. पुढे ससाण्यांच्या अंगावर छोटे कॅमेरे आणि उपग्रह-स्थाननोंदक बसवून केलेल्या अभ्यासांनी या वळणात पळत्या भक्ष्याला गाठण्याच्या गणिताचाही वाटा आहे हे दाखवले. एकाच वळणाला दोन कारणे असू शकतात, आणि दोन्हींचा शोध चालू आहे.

दृष्टीला वेळेचेही परिमाण आहे. एका सेकंदात किती लुकलुकी वेगळ्या दिसतात? माणसाला साधारण ६०. २०१६ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात ब्लू टिट आणि दोन जातींच्या माशीमार पक्ष्यांवर प्रयोग झाले, त्यांत हा आकडा १३० ते १४५ निघाला. हवेत उडणारा किडा पकडणाऱ्या पक्ष्याला, किंवा फांद्यांच्या गुंत्यातून वेगाने जाणाऱ्या पक्ष्याला, हालचाल अशीच बारीक तुकड्यांत दिसायला हवी. आपल्याला अखंड वाटणारे काही दिवे पक्ष्यांना लुकलुकताना दिसू शकतात, ही गोष्ट कुक्कुटपालन आणि प्राणिसंग्रहालये चालवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

रात्रीकडे वळलो की घुबड आलेच. ते गडद काळोखात पाहू शकते, ही समजूत खरी नाही. मार्टिन यांनी १९७७ साली युरोपातल्या टॉनी घुबडाची अंधुक प्रकाशातली संवेदनशीलता मोजली. ती सरासरी माणसाच्या सुमारे अडीचपट भरली. गव्हाणी घुबड पूर्ण अंधारात उंदीर पकडते ते कानांच्या आधारे, हे रॉजर पेन यांच्या प्रयोगांनी सिद्ध केले आहे. घुबडाच्या यशात आपल्या प्रदेशाची पक्की ओळख, ऐकण्याची ताकद आणि शांत उड्डाण यांचा वाटा मोठा आहे. सगळी घुबडे निशाचर नसतात, हेही आपल्याकडच्या एका पक्ष्याने दाखवले आहे. शतकभराहून अधिक काळ हरवलेला मानला गेलेला रानपिंगळा १९९७ साली नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि तो भरदिवसा शिकार करतो. दुसऱ्या टोकाला दक्षिण अमेरिकेतला गुहांत राहणारा ऑइलबर्ड आहे. त्याच्या दृष्टिपटलात प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे १० लाख दंड पेशी आहेत, आणि गुहेच्या ठार अंधारात तोही शेवटी आवाजाच्या प्रतिध्वनीवर विसंबतो.

पाणी हे आणखी एक कठीण माध्यम. पाण्यातला मासा असतो तिथे दिसत नाही, कारण प्रकाश पृष्ठभागावर वाकतो. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर भेटणारा समुद्री बगळा ही चूक हिशेबात धरून चोच मारतो, हे गादी कात्झिर यांनी १९८७ साली प्रयोगाने दाखवले. खंड्याच्या डोळ्यातही दोन खळग्या आहेत. पाण्यात शिरताच शिकारीचे चित्र एका खळगीकडून दुसरीकडे सरकते. पाणकावळ्याचे उत्तर निराळे आहे. तो उत्तम मासेमार असल्याने पाण्याखाली त्याची नजर तीक्ष्ण असणार असे सगळे समजत. २००७ साली मोजले, तेव्हा ती पाण्याखालच्या माणसाइतकीच अधू निघाली. तो लांबून मासा हेरत नाही. तळाशी, झुडपांशी फिरून माशांना दचकवतो आणि अगदी जवळून निसटणारा मासा झडपतो. न दिसण्यानेही शिकारीची एक पद्धत घडू शकते, याचे हे चोख उदाहरण आहे.

डोळ्यांमागे मेंदू आहे. पक्ष्याच्या प्रत्येक डोळ्याचा संदेश मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूला जातो, त्यामुळे दोन डोळे दोन वेगळी कामे करू शकतात. कोंबडीचे पिल्लू उजव्या डोळ्याने दाणा आणि खडा वेगळे करते व डाव्याने शत्रूवर लक्ष ठेवते. लेस्ली रॉजर्स यांनी दाखवले की या विभागणीत अंड्यावर पडणाऱ्या उजेडाचा हात असतो. अंड्यात पिल्लाचा डावा डोळा शरीराला टेकलेला असतो आणि उजवा कवचाकडे. कवचातून झिरपणारा प्रकाश उजव्यालाच मिळतो. अंधारात उबवलेल्या पिल्लांना दाणे टिपणे आणि पहारा ही दोन्ही कामे एकाच वेळी तितकी नीट जमत नाहीत. बदकांनी तर झोपही वाटून घेतली आहे. १९९९ साली नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी बदके ओळीने झोपवून पाहिली. टोकाची बदके बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून अर्ध्याच मेंदूने झोपत होती. आणि स्थलांतर करणाऱ्या युरोपीय रॉबिनला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कळण्यासाठी निळा-हिरवा प्रकाश लागतो, लाल प्रकाशात तो गोंधळतो. दृष्टिपटलातले क्रिप्टोक्रोम हे प्रथिन यात भाग घेत असावे, या दिशेने आज जोमाने काम चालू आहे.

शेवटी, हा अभ्यास कशासाठी करायचा? माळढोकाचे उदाहरण पुरेसे आहे. एके काळी दख्खनच्या माळांवर सहज दिसणाऱ्या या पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले. आज देशात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत, आणि ते प्रामुख्याने राजस्थानात आहेत. विजेच्या तारांना धडकून होणारे मृत्यू हे त्यांच्यावरचे मोठे संकट आहे. मोठा, उघड्या माळावरचा, लख्ख उजेडात उडणारा पक्षी समोरच्या तारेला कसा धडकतो? मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी २०१० साली माळढोकाच्याच कुळातल्या आफ्रिकी कोरी बस्टर्डचे, तसेच नील क्रौंच आणि पांढऱ्या करकोच्याचे दृष्टिक्षेत्र मोजले. उडताना बस्टर्डने डोके सुमारे २५ अंश आणि क्रौंचाने सुमारे ३५ अंश खाली झुकवले की त्यांना पुढच्या दिशेने काहीही दिसत नाही. उडता उडता खाली चारा, जागा, सोबती शोधणे हा त्यांचा स्वभाव. आणि लाखो वर्षे माळावरच्या आकाशात समोरून अडथळा असा येतच नव्हता. गिधाडांचेही तसेच आहे. २०१२ साली मोजलेल्या दोन जातींत, खाली जमिनीवर नजर लावून तरंगताना समोरचा आणि वरचा भाग आंधळा निघाला, आणि पवनचक्क्यांची पाती त्याच जागेतून येतात.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकांच्या अधिवासातल्या वीजवाहिन्या जमिनीखाली घेण्याबाबत आदेश दिला, आणि २०२४ साली त्यात बदल करून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. तारांवर चमकत्या चकत्या लावण्याचा उपाय अनेक ठिकाणी होतो आणि तो काही प्रमाणात उपयोगीही पडतो. पण पक्षी समोर पाहतच नसेल, तर चकती कितीही भडक असली तरी तिचा उपयोग मर्यादित राहणार, हे दृष्टिक्षेत्राच्या मोजमापातून सरळ निघते. तार कुठून न्यावी, कुठे पुरावी, पक्ष्यांना तारांपासून दूर उतरण्याचे आकर्षण कुठे निर्माण करावे, हे प्रश्न मग पुढे येतात. शहरातल्या काचेच्या इमारतींना आदळून मरणाऱ्या लहान पक्ष्यांबाबतही विचाराची दिशा हीच आहे.

या क्षेत्रात पाऊल टाकू इच्छिणाऱ्याने महागड्या उपकरणांची वाट पाहू नये. जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत. ज्यांची दृष्टी नीट मोजली गेली त्या त्यांतल्या फारच थोड्या आहेत, आणि आपल्या माळांवर, खाड्यांत आणि सह्याद्रीत राहणाऱ्या बहुतेक जाती त्या थोड्यांत नाहीत. आपल्या नोंदवहीत जात, जागा आणि वेळ यांबरोबर आणखी तीन गोष्टी लिहायला सुरुवात करावी : पक्ष्याचे डोके कोणत्या दिशेला होते, तो कोणता डोळा वापरत होता, आणि उजेड किती नि कुठून होता. एक टिटवी, एक खंड्या किंवा एक कोतवाल घेऊन वर्षभर अशा नोंदी ठेवल्या तर त्यांतून प्रयोग करण्याजोगे प्रश्न नक्की निघतील. भौतिकशास्त्र, संगणक आणि नेत्रवैद्यक यांच्या विद्यार्थ्यांना इथे पक्षिनिरीक्षकांइतकेच काम आहे. कॅमेरे, प्रकाशमापक आणि दृष्टीची गणिते त्यांच्याच हातची आहेत.

पक्षी वाचवण्याचे बहुतेक उपाय आपण स्वतःच्या डोळ्यांना पटतील असे आखतो. ते पक्ष्याच्या डोळ्यांना पटले पाहिजेत, आणि त्यासाठी त्या डोळ्यांच्या मर्यादा कुणीतरी धीराने मोजल्या पाहिजेत. माळढोकाच्या उरलेल्या संख्येकडे पाहता हे काम सावकाश करण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. म्हणून या विषयात येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत आहे, आणि त्याने लवकर यावे अशी विनंतीही.